होम डिरेक्टरीतील अनाहूत फोल्डर

होम डिरेक्टरीतील अनाहूत फोल्डर म्हणजे एखाद्या सॉफ्टवेअरने वापरकर्त्याला न विचारता त्याच्या होम डिरेक्टरीत, म्हणजे संगणकावरील त्याच्या वैयक्तिक जागेत, तयार केलेले फोल्डर व फाइली होत. सॉफ्टवेअरची सेटिंग, तात्पुरत्या प्रती, पूर्वी दिलेल्या आज्ञांची यादी, उतरवून घेतलेली पूरक साधने अशा प्रकारची माहिती त्यांत साठवलेली असते. युनिक्स व लिनक्स या संचालन प्रणालींवर अशा बहुतेक फोल्डरांचे नाव टिंबाने सुरू होते. त्यामुळे नेहमीच्या यादीत ते दिसत नाहीत. त्यांना ‘डॉट फाइली’ किंवा ‘लपलेल्या फाइली’ असे म्हणतात. काही सॉफ्टवेअर मात्र ‘स्नॅप’ किंवा ‘गो’ यांसारखे उघडपणे दिसणारे फोल्डरही तयार करतात.

ही बाब वरकरणी नीटनेटकेपणाची वाटली, तरी वापरकर्त्याच्या माहितीचा बॅकअप, तिची गोपनीयता, साठवणुकीची मर्यादा आणि प्रसंगी तिचे अस्तित्व यांच्याशी तिचा थेट संबंध आहे. ही अव्यवस्था कमी करण्यासाठी २००३ पासून ‘एक्सडीजी बेस डिरेक्टरी’ हा विनिर्देश अस्तित्वात आहे. अनेक सॉफ्टवेअरांनी तो स्वीकारला आहे, परंतु सर्वांनी नाही.

या लेखात फाइलींची व आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत असतात. ‘~’ हे चिन्ह होम डिरेक्टरी दर्शवते.

होम डिरेक्टरीची संकल्पना

एकाच संगणकावर अनेकांनी काम करण्याची सोय असलेल्या प्रणालींत प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःची वेगळी जागा दिली जाते. तिला होम डिरेक्टरी म्हणतात. लिनक्सवर ती सामान्यतः ‘/होम’ या डिरेक्टरीत, मॅकओएस व विंडोजवर ‘युजर्स’ या डिरेक्टरीत वापरकर्त्याच्या नावाने असते. युनिक्सच्या आरंभीच्या काळात ती ‘/यूएसआर’ मध्ये असे.

१९७९ मध्ये आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत या जागेचा पत्ता ‘होम’ नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवण्याची पद्धत आली. तिच्यासाठी ‘~’ हे चिन्ह वापरण्याची प्रथा सी शेल या आज्ञा-दुभाष्यापासून रूढ झाली. त्या काळातील एडीएम-३ए या टर्मिनलच्या कळफलकावर ‘होम’ आणि ‘~’ एकाच कळीवर होते.

प्रणालीच्या इतर भागांत लिहिण्यासाठी प्रशासकाची परवानगी लागते. होम डिरेक्टरीत मात्र वापरकर्त्याला मुक्तपणे लिहिता येते. वापरकर्त्याने चालवलेला प्रोग्रॅम त्याच्याच अधिकाराने चालत असल्यामुळे त्यालाही तेथे मुक्तपणे लिहिता येते. अनाहूत फोल्डरांचे मूळ या अधिकारव्यवस्थेत आहे. वापरकर्त्याने लिहिलेले आणि त्याच्या वतीने प्रोग्रॅमने लिहिलेले यांत पारंपरिक युनिक्स प्रणाली कोणताही फरक करत नाही.

इतिहास

डॉट फाइलींचा उगम

टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली लपवण्याची सोय हेतुपुरस्सर आखलेली नव्हती. युनिक्सच्या विकासात सहभागी असलेले संगणकशास्त्रज्ञ रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये लिहिलेल्या एका टिपणात तिचा उगम सांगितला आहे. युनिक्सची फाइल-व्यवस्था श्रेणीबद्ध झाली तेव्हा डिरेक्टऱ्यांमधून ये-जा करणे सुकर व्हावे म्हणून प्रत्येक डिरेक्टरीत दोन विशेष नोंदी घालण्यात आल्या. ‘.’ ही नोंद त्या डिरेक्टरीचा स्वतःचा आणि ‘..’ ही नोंद तिच्या वरच्या डिरेक्टरीचा निर्देश करते. फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ या आज्ञेत या दोन्ही नोंदी विनाकारण दिसू लागल्या. त्या वगळण्यासाठी नाव नेमके ‘.’ किंवा ‘..’ आहे का, हे तपासण्याऐवजी नावाचे पहिले अक्षर टिंब आहे का, एवढेच तपासण्याचा सोपा मार्ग अवलंबण्यात आला. परिणामी टिंबाने सुरू होणारे कोणतेही नाव यादीतून गळू लागले.

पाइक यांच्या मते या आडवाटेचे दोन दुष्परिणाम झाले. इतर अनेक प्रोग्रॅमांनी हीच चूक उचलली, आणि ‘लपलेली फाइल’ ही कल्पना जन्माला येऊन प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीत हवे ते टाकण्याची मुभा मिळाली. युनिक्सच्याच काही निर्मात्यांनी पुढे बेल प्रयोगशाळेत विकसित केलेल्या ‘प्लॅन ९’ या प्रणालीत टिंबाला असा विशेष अर्थ ठेवण्यात आला नाही. तेथे वापरकर्त्याची आरंभिक आज्ञावली होम डिरेक्टरीतील ‘लिब’ या साध्या, दृश्य डिरेक्टरीत ठेवली जाते.

विस्तार

आरंभी अशा फाइली मोजक्या व छोट्या होत्या. बॉर्न शेलची ‘.प्रोफाइल’ आणि सी शेलची ‘.सीएसएचआरसी’ या त्यांपैकी जुन्या. वापरकर्ता त्या स्वतः संपादित करत असल्यामुळे त्यांत काय आहे, याची त्याला कल्पना असे. १९९० च्या दशकात ग्राफिकल डेस्कटॉपचा प्रसार झाल्यानंतर चित्र बदलले. नोम या डेस्कटॉपने ‘.नोम२’ व ‘.जीकॉन्फ’, तर केडीईने ‘.केडीई’ असे फोल्डर तयार केले. प्रत्येक ब्राउझर, संवादक व खेळ आपापला फोल्डर उघडू लागला. पुढे प्रोग्रॅमिंग भाषांच्या पॅकेज मॅनेजरांची भर पडली. मेव्हनचा ‘.एम२’, ग्रेडलचा ‘.ग्रेडल’, एनपीएमचा ‘.एनपीएम’ आणि रस्ट भाषेचे ‘.कार्गो’ व ‘.रस्टअप’ हे फोल्डर काही गिगाबाइटपर्यंत वाढू शकतात.

लिनक्स प्रणालींतील डिरेक्टऱ्यांची रचना ठरवणाऱ्या ‘फाइलसिस्टम हायरार्की स्टँडर्ड’ या मानकाने याबाबत मार्गदर्शन केले आहे. प्रोग्रॅमची वैयक्तिक सेटिंग टिंबाने सुरू होणाऱ्या फाइलीत ठेवावी. एकाहून अधिक फाइली लागत असतील, तर त्या टिंबाने सुरू होणाऱ्या एकाच डिरेक्टरीत एकत्र ठेवाव्यात. आणि आपोआप जतन होणाऱ्या प्रती व लॉक फाइली वगळता, वापरकर्त्याच्या कृतीशिवाय होम डिरेक्टरीत टिंबरहित फाइली वा डिरेक्टऱ्या तयार करणे टाळावे, अशी त्याची शिफारस आहे. या मानकाची ३.० ही आवृत्ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली.

साठवल्या जाणाऱ्या माहितीचे प्रकार

अनाहूत फोल्डरांतील माहिती एकसारख्या महत्त्वाची नसते. तिचे ढोबळमानाने पाच प्रकार पडतात.

• सेटिंग: वापरकर्त्याने केलेली निवड, उदाहरणार्थ, अक्षरांचा आकार, रंगसंगती, कळींचे संक्षेप. ही माहिती आकाराने लहान पण पुन्हा तयार करण्यास कष्टाची असते.
• विदा: वापरकर्त्याच्या कामातून निर्माण झालेली मौल्यवान माहिती, उदाहरणार्थ, जतन केलेली पत्रे, खेळातील प्रगती, स्वतः भर घातलेले शब्दकोश.
• स्थिती: पूर्वी दिलेल्या आज्ञा, अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी, खिडक्यांची मांडणी, नोंदवह्या. ही गेली तर गैरसोय होते, पण मोठे नुकसान होत नाही.
• कॅशे: काम वेगाने व्हावे म्हणून ठेवलेल्या प्रती. या केव्हाही पुसल्या तरी पुन्हा तयार होतात. आकाराने मात्र बहुधा याच सर्वांत मोठ्या असतात.
• चालू सत्राच्या फाइली: प्रोग्रॅमांनी परस्परांशी संवाद साधण्यासाठी वापरलेले सॉकेट व तत्सम फाइली. सत्र संपताच यांचा उपयोग संपतो.

जुन्या पद्धतीत हे पाचही प्रकार एकाच फोल्डरात मिसळलेले असतात. त्यामुळे कोणती फाइल जपावी आणि कोणती पुसावी, हे तो प्रोग्रॅम आतून जाणणाऱ्या व्यक्तीलाच सांगता येते.

परिणाम

बॅकअप व साठवणूक

होम डिरेक्टरीचा बॅकअप घेताना कॅशे व मौल्यवान विदा वेगळी करता येत नसेल, तर दोन्हींच्या प्रती घ्याव्या लागतात. बॅकअपचा आकार व वेळ त्यामुळे वाढतो. याउलट सर्व लपलेले फोल्डर सरसकट वगळले, तर ईमेलचा संग्रह किंवा सांकेतिक किल्ल्या यांसारखी न भरून येणारी माहिती गमावण्याचा धोका असतो. या अडचणीवर एक उपाय म्हणून ‘कॅशेडिर.टॅग’ नावाची खूणफाइल ठेवण्याचा संकेत ब्रायन फोर्ड यांनी मांडला. ज्या डिरेक्टरीत ही फाइल असेल ती कॅशे समजून वगळण्याची सोय ‘टार’, ‘बोर्ग’ व ‘रेस्टिक’ यांसारख्या साधनांत आहे.

महाविद्यालये व संशोधन संस्थांमध्ये होम डिरेक्टऱ्या बहुधा मध्यवर्ती सर्व्हरवर असतात आणि प्रत्येक विद्यार्थ्याला ठरावीक जागा दिलेली असते. लपलेल्या कॅशेने ही जागा भरली, तर विद्यार्थ्याला स्वतःच्या फाइली मोजून कारण सापडत नाही. जागा पूर्ण संपल्यास ग्राफिकल प्रवेशच अडू शकतो. पासवर्ड बरोबर असूनही पडदा पुन्हा प्रवेशपृष्ठावर येतो, कारण सत्र सुरू करण्यासाठी लागणारी ‘.एक्सऑथॉरिटी’ सारखी छोटी फाइलसुद्धा लिहिता येत नाही.

मागे उरणारे अवशेष

प्रोग्रॅम काढून टाकल्यावर त्याचा होम डिरेक्टरीतील फोल्डर सहसा तसाच राहतो. डेबियन व उबुंटू या प्रणालींतील ‘पर्ज’ ही आज्ञा पॅकेजची प्रणालीस्तरीय सेटिंगही पुसते, परंतु होम डिरेक्टरीला हात लावत नाही. यामागे सावधगिरी आहे. त्या फोल्डरात वापरकर्त्याची मौल्यवान माहिती असू शकते आणि ती पुसण्याचा अधिकार पॅकेज मॅनेजरला नाही, असे मानले जाते. याचा दुसरा परिणाम असा की, वर्षानुवर्षे वापरलेल्या होम डिरेक्टरीत केव्हाच काढून टाकलेल्या प्रोग्रॅमांचे फोल्डर साचत जातात.

गोपनीयता व सुरक्षा

अनेक लपलेल्या फाइली संवेदनशील असतात. ‘.एसएसएच’ मध्ये दूरच्या संगणकावर प्रवेश देणाऱ्या खाजगी किल्ल्या असतात. ‘.बॅश_हिस्टरी’ मध्ये आज्ञेसोबत लिहिलेले पासवर्ड नकळत नोंदले जाऊ शकतात. ‘.बॅशआरसी’ मधील मजकूर शेल सुरू होताच आपोआप अमलात येतो. म्हणून त्यात घुसवलेली एखादी घातक ओळ दीर्घकाळ लक्षात येत नाही. अनेक जण आपल्या डॉट फाइली इतरांच्या उपयोगासाठी सार्वजनिक भांडारात ठेवतात. सेटिंग व गुपिते एकाच ठिकाणी असल्यास अशा वेळी गुपिते उघड होण्याचा धोका असतो.

एक्सडीजी बेस डिरेक्टरी विनिर्देश

मुक्त डेस्कटॉपांमध्ये सुसूत्रता आणण्यासाठी हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००० मध्ये फ्रीडेस्कटॉप.ऑर्ग हा प्रकल्प सुरू केला. त्याच्या जुन्या नावावरून ‘एक्सडीजी’ हे संक्षिप्त नाव रूढ झाले. या प्रकल्पाने प्रसिद्ध केलेला बेस डिरेक्टरी विनिर्देश माहितीच्या प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र जागा ठरवून देतो. प्रत्येक जागेसाठी एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असून ते दिलेले नसल्यास पुढील जागा गृहीत धरल्या जातात.

• सेटिंग: ‘~/.कॉन्फिग’
• विदा: ‘~/.लोकल/शेअर’
• स्थिती: ‘~/.लोकल/स्टेट’
• कॅशे: ‘~/.कॅशे’
• चालू सत्राच्या फाइली: ‘एक्सडीजी_रनटाइम_डिर’ या व्हेरिएबलमध्ये दिलेली, फक्त त्या वापरकर्त्यालाच खुली असलेली व सत्र संपल्यावर नष्ट होणारी डिरेक्टरी. तिच्यासाठी होम डिरेक्टरीत जागा गृहीत धरलेली नाही; लिनक्सवर ती सहसा ‘/रन/युजर’ मध्ये असते.

‘स्थिती’ हा प्रकार २०२१ मधील ०.८ या आवृत्तीत आला. तोपर्यंत आज्ञांची यादी किंवा नोंदवह्या विदेत ठेवाव्यात की कॅशेमध्ये, याविषयी एकवाक्यता नव्हती. एखादी अपेक्षित डिरेक्टरी अस्तित्वात नसल्यास प्रोग्रॅमने ती ०७०० या परवानगीसह, म्हणजे केवळ मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी, तयार करावी, असेही विनिर्देश सांगतो.

या व्यवस्थेत ‘~/.कॅशे’ हा संपूर्ण फोल्डर बॅकअपमधून निःशंकपणे वगळता येतो आणि ‘~/.कॉन्फिग’ नव्या संगणकावर नेता येतो. मात्र प्रोग्रॅमांवर कोणतेही बंधन नाही. विनिर्देशाचे पालन सर्वस्वी विकासकांच्या इच्छेवर अवलंबून आहे.

याच प्रकल्पाचे ‘एक्सडीजी-युजर-डिर्स’ हे साधन पहिल्या प्रवेशावेळी डेस्कटॉप, डाउनलोड, दस्तऐवज, संगीत, चित्रे, चित्रफिती इत्यादी दृश्य फोल्डर तयार करते व त्यांना वापरकर्त्याच्या भाषेत नावे देते. हे फोल्डरही न मागता तयार होतात. परंतु ते प्रोग्रॅमच्या नव्हे, तर वापरकर्त्याच्या फाइलींसाठी असल्याने त्यांच्याबद्दल फारसा आक्षेप घेतला जात नाही.

उल्लेखनीय उदाहरणे

स्नॅप

स्नॅप ही कॅनॉनिकल या कंपनीने विकसित केलेली पॅकेज-पद्धत आहे. स्नॅप स्वरूपातील प्रोग्रॅम चालवल्यावर होम डिरेक्टरीत टिंबरहित ‘स्नॅप’ फोल्डर तयार होतो. त्यात प्रत्येक प्रोग्रॅमचा एक व त्याखाली प्रत्येक आवृत्तीचा एक असे उपफोल्डर असतात. प्रोग्रॅम अद्ययावत होताना जुन्या आवृत्तीचा फोल्डर नव्या आवृत्तीसाठी नकलून घेतला जातो. नवी आवृत्ती सदोष निघाल्यास जुन्या विदेसह मागे जाता यावे, हा त्यामागील हेतू आहे. सर्व आवृत्त्यांना सामाईक असलेली विदा ‘कॉमन’ या उपफोल्डरात राहते.

हा फोल्डर कमी खुपणाऱ्या जागी हलवावा, ही मागणी २०१६ मध्येच उबुंटूच्या दोषनोंदीत दाखल झाली आणि तिला मोठा पाठिंबा मिळाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या उबुंटू २१.१० पासून फायरफॉक्स ब्राउझर स्नॅप स्वरूपात दिला जाऊ लागल्यामुळे हा फोल्डर सर्वसामान्य वापरकर्त्यांच्याही नजरेस पडू लागला. तो टिंबयुक्त जागी नेण्याची सोय पुढे प्रायोगिक पर्याय म्हणून देण्यात आली. नोमच्या फाइल व्यवस्थापकात ‘.हिडन’ नावाच्या फाइलीत ‘स्नॅप’ हे नाव लिहून तो नजरेआड करता येतो. ‘एलएस’ च्या यादीत मात्र तो दिसत राहतो.

स्नॅपच्या सुरक्षा-व्यवस्थेत टिंबाला आणखी एक भूमिका मिळाली आहे. एखाद्या प्रोग्रॅमला ‘होम’ ही परवानगी दिल्यास त्याला होम डिरेक्टरीतील दृश्य फाइली वापरता येतात, पण तिच्यातील टिंबाने सुरू होणारे फोल्डर वापरता येत नाहीत. यादी आटोपशीर करण्यासाठी घेतलेली आडवाट अशा प्रकारे सुरक्षेची सीमारेषा बनली आहे. फ्लॅटपॅक ही स्पर्धक पद्धत प्रोग्रॅमांची विदा ‘~/.व्हार/ॲप’ या लपलेल्या जागी ठेवते.

गो भाषा

गुगलमध्ये विकसित झालेल्या गो या प्रोग्रॅमिंग भाषेच्या साधनांना कामाची डिरेक्टरी ‘गोपाथ’ या व्हेरिएबलद्वारे सांगावी लागे. नवख्यांना हे अवघड जात असल्यामुळे २०१७ मधील १.८ या आवृत्तीपासून व्हेरिएबल नसल्यास ‘~/गो’ हा दृश्य फोल्डर गृहीत धरला जाऊ लागला. उतरवलेल्या पूरक संचांच्या फाइली त्यात केवळ-वाचनीय ठेवल्या जातात. त्यामुळे हा फोल्डर साध्या पद्धतीने पुसू पाहणाऱ्याला परवानगी नाकारल्याचे संदेश मिळतात. त्यासाठी ‘गो क्लीन -मॉडकॅशे’ ही स्वतंत्र आज्ञा आहे. याच साधनांची बांधणी-कॅशे मात्र ‘~/.कॅशे’ मध्ये, विनिर्देशाला धरून असते. गो भाषेच्या निर्मात्यांमध्ये रॉब पाइक यांचाही समावेश आहे.

स्टीम

व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम या खेळ-सेवेचा लिनक्सवरील प्रोग्रॅम विदेसाठी ‘~/.लोकल/शेअर’ मधील फोल्डर वापरतो, आणि त्याशिवाय होम डिरेक्टरीत ‘.स्टीम’, ‘.स्टीमपाथ’ व ‘.स्टीमपिड’ या नोंदीही करतो. जानेवारी २०१५ मध्ये त्यातील एक गंभीर दोष उघडकीस आला. एका वापरकर्त्याने स्टीमचा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवून मूळ जागी सिम्लिंक ठेवला होता. स्टीमच्या आरंभ-आज्ञावलीला स्वतःचा फोल्डर सापडला नाही आणि त्याचे नाव साठवणारे व्हेरिएबल रिकामे राहिले. त्या नावाखालील सर्व काही पुसण्याची आज्ञा त्यामुळे संपूर्ण फाइल-व्यवस्थेच्या मुळापासून लागू झाली. वापरकर्त्याच्या मालकीच्या सर्व फाइली, जोडलेल्या बाह्य डिस्कवरील प्रतींसह, नष्ट झाल्या. संबंधित ओळीच्या वर ‘भीतीदायक’ अशा अर्थाची टीप विकासकाने आधीच लिहून ठेवलेली होती. कंपनीने नंतर हा दोष दूर केला.

विचित्र नावाचे फोल्डर

काही अनाहूत फोल्डर प्रोग्रॅममधील चुकीतून जन्मतात. ‘~’ चा अर्थ ‘होम डिरेक्टरी’ असा लावण्याचे काम शेल करतो; संचालन प्रणालीच्या कर्नलला तो अर्थ ठाऊक नसतो. एखाद्या प्रोग्रॅमने सेटिंगमधील ‘~’ तसाच पुढे पाठवला, तर ‘~’ याच नावाचा खराखुरा फोल्डर तयार होतो. तो पुसण्यासाठी कोणी ‘आरएम -आरएफ ~’ अशी आज्ञा दिली, तर शेल चिन्हाचा अर्थ लावतो आणि त्या फोल्डराऐवजी संपूर्ण होम डिरेक्टरी पुसली जाते. असे फोल्डर फाइल व्यवस्थापकातून, अथवा नाव ‘./~’ असे लिहून पुसणे सुरक्षित असते. याच प्रकारे जावा प्रणालीला होम डिरेक्टरी ओळखता आली नाही, तर ती तिच्या जागी ‘?’ हे चिन्ह देते. त्यामुळे काही जावा प्रोग्रॅम ‘?’ नावाचा फोल्डर तयार करतात.

इतर संचालन प्रणाली

विंडोजमध्ये २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टा आवृत्तीपासून प्रोग्रॅमांची वैयक्तिक विदा ‘ॲपडेटा’ या लपलेल्या फोल्डरात ठेवण्याची व्यवस्था आहे. त्यात ‘रोमिंग’, ‘लोकल’ व ‘लोकललो’ असे तीन भाग आहेत. असे असूनही अनेक खेळ वापरकर्त्याच्या ‘डॉक्युमेंट्स’ मध्ये फोल्डर तयार करतात. विंडोजवर फाइल लपलेली असणे हा तिच्या नावाचा नव्हे, तर तिला जोडलेल्या गुणधर्माचा भाग असतो. म्हणून युनिक्सच्या संस्कारात वाढलेली साधने विंडोजवर जे टिंबयुक्त फोल्डर तयार करतात, ते तेथे सहसा उघडपणे दिसतात.

मॅकओएसवर प्रोग्रॅमांसाठी ‘लायब्ररी’ हा फोल्डर असून त्यात सेटिंग, कॅशे व पूरक विदा यांसाठी वेगवेगळे उपफोल्डर आहेत. २०११ मधील १०.७ या आवृत्तीपासून तो लपवण्यात आला. प्रोग्रॅम कचरापेटीत टाकून काढण्याची तेथील सोपी पद्धत ‘लायब्ररी’ मधील अवशेष मागेच ठेवते. फाइंडर हा मॅकवरील फाइल व्यवस्थापक फोल्डरांच्या मांडणीची नोंद ‘.डीएस_स्टोअर’ या फाइलीत करतो. अशा फोल्डराची प्रत दुसऱ्या प्रणालीवर गेली की, ही फाइल तेथे उघड होते.

अँड्रॉइड भ्रमणध्वनींच्या सामाईक साठवणुकीतही हीच समस्या होती. परवानगी मिळालेले कोणतेही ॲप तेथे थेट मुळाशी फोल्डर तयार करू शकत असे. २०१९ मधील अँड्रॉइड १० मध्ये ‘स्कोप्ड स्टोरेज’ ही व्यवस्था आली व पुढील आवृत्तीत ती नव्या ॲपांसाठी अधिक काटेकोर झाली. त्यानंतर व्हॉट्सॲपचा पूर्वी मुळाशी असलेला फोल्डर ‘अँड्रॉइड/मीडिया’ या जागी गेला. अँड्रॉइडने जे प्रणालीच्या बंधनाने साधले, ते डेस्कटॉप लिनक्सवर प्रामुख्याने स्वेच्छेवर सोडलेले आहे.

स्थलांतर व त्यातील अडचणी

अनेक प्रकल्पांनी कालांतराने नव्या जागा स्वीकारल्या. गिटने २०१२ मध्ये ‘~/.कॉन्फिग’ मधील सेटिंग वाचण्यास सुरुवात केली. केडीईने पाचव्या पिढीत ‘.केडीई’ हा फोल्डर सोडला. गिम्प २०१८ मधील २.१० या आवृत्तीत ‘~/.कॉन्फिग’ मध्ये गेले. ईमॅक्सने २०२० मध्ये २७ व्या आवृत्तीत नव्या जागेला पाठिंबा दिला. पायथॉनच्या २०२४ मधील ३.१३ या आवृत्तीत आज्ञांची यादी कोठे ठेवावी, हे व्हेरिएबलद्वारे सांगण्याची सोय आली. याउलट फायरफॉक्सकडे २००४ मध्ये नोंदवलेली अशीच मागणी दोन दशकांहून अधिक काळ प्रलंबित राहिली.

विलंबाची कारणे केवळ अनास्थेची नाहीत. एखाद्या जागी लाखो वापरकर्त्यांची विदा एकदा साठली की, ती जागा प्रोग्रॅमच्या अलिखित कराराचा भाग बनते. बॅकअपच्या आज्ञावल्या, मार्गदर्शक पुस्तके व इतर प्रोग्रॅम तीच जागा गृहीत धरतात. विदा आपोआप हलवल्यास जुनी व नवी आवृत्ती आलटून-पालटून वापरणाऱ्यांची माहिती विभागली जाते. दोन्ही जागा तपासल्यास प्रोग्रॅमची गुंतागुंत वाढते. ‘.एसएसएच’ सारख्या फोल्डराच्या बाबतीत तर ठरलेली, सर्वत्र एकच असलेली जागा हाच सुरक्षेचा भाग मानला जातो. काही विकासकांच्या मते प्रोग्रॅमचे सर्व काही एकाच फोल्डरात असणे वापरकर्त्याला समजण्यास व पुसण्यास सोपे जाते. विनिर्देशामुळे तेच चार ठिकाणी विखुरते.

ओळख व स्वच्छता

लिनक्सवर ‘एलएस -ए’ या आज्ञेने, तर बहुतेक फाइल व्यवस्थापकांत कंट्रोल व एच या कळी एकत्र दाबून लपलेल्या फाइली पाहता येतात. ‘डीयू’ ही आज्ञा कोणता फोल्डर किती जागा व्यापतो हे सांगते. ‘एक्सडीजी-निन्जा’ हे मुक्त साधन होम डिरेक्टरीतील परिचित फोल्डर ओळखून ते नव्या जागी कसे हलवता येतील, याची माहिती देते.

‘~/.कॅशे’ मधील मजकूर संबंधित प्रोग्रॅम बंद असताना पुसणे सामान्यतः निर्धोक असते. इतर अनोळखी फोल्डराविषयी प्रथम तो कोणत्या प्रोग्रॅमचा आहे व त्यात कोणत्या प्रकारची माहिती आहे, हे तपासावे लागते. शंका असल्यास फोल्डराचे नाव बदलून काही काळ वाट पाहण्याची पद्धत रूढ आहे: प्रोग्रॅम अजून वापरात असेल, तर तो जुन्या नावाचा फोल्डर पुन्हा तयार करतो, आणि मूळ माहितीही हाताशी राहते.

हे सुद्धा पहा

• युनिक्स
• लिनक्स
• संचालन प्रणाली
• फाइल व्यवस्था
• शेल (संगणन)
• मुक्त स्रोत सॉफ्टवेअर